नळकारागीर कसा घडतो? शिशाच्या नळापासून महापालिकेच्या परवान्यापर्यंत

#धागा

(१)
दहावीचे निकाल लागले की आयटीआयच्या प्रवेशाची यादी अनेकांच्या हाती येते. जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री, तारतंत्री… आणि त्याच यादीत कुठेतरी ‘नळकारागीर’. रस्त्यावर हा शब्द कोणी उच्चारत नाही. तिथे ‘प्लंबर’च चालतो. मात्र ‘माणूस नळकारागीर होतो कसा, आणि तो झाला आहे हे ठरवतो कोण?’ या प्रश्नाला जवळजवळ दोन हजार वर्षांचा लेखी इतिहास आहे. आजचा धागा त्याविषयी. थोडा लांबेल.

(२)
प्रथम शब्द. लॅटिनमध्ये शिसे म्हणजे ‘प्लंबम’. रसायनशास्त्राच्या तक्त्यात शिशाचे चिन्ह ‘पीबी’ आहे, ते यामुळेच. गवंड्याच्या ओळंब्याला इंग्रजीत जे नाव आहे तेही याच मुळाचे, कारण दोरीच्या टोकाला शिशाचे वजन असे. शिशाचे काम करणारा तो ‘प्लंबारियस’. म्हणजे या व्यवसायाचे नाव पाण्यावरून पडलेले नाही, धातूवरून पडले आहे. हे लक्षात ठेवावे, पुढे उपयोगी पडेल.

(३)
रोमन प्लंबारियस शिसे वितळवून त्याचा सपाट पत्रा ओतत असे, तो गोल दांड्याभोवती वळवत असे आणि वरची शिवण बंद करत असे. व्हिट्रुव्हियस सांगतो की नळाची लांबी दहा रोमन फुटांपेक्षा कमी नसावी, आणि नळाचे माप पत्रा वळवण्याआधी किती रुंद होता त्यावरून ओळखावे. या नळांवर ओतताना अक्षरे उठवलेली असत: कधी सम्राटाचे नाव, कधी घरमालकाचे, आणि पुष्कळदा कारागिराचे, ‘याने केले’ अशा अर्थाच्या क्रियापदासह. हे कारागीर बहुधा गुलाम किंवा मुक्त केलेले गुलाम असत. त्यांच्याविषयी अन्य कोणी एक ओळही लिहिली नाही. नावे उरली ती नळावर.

(४)
तोच व्हिट्रुव्हियस घरातील पाण्यासाठी शिशापेक्षा मातीचे नळ बरे असे म्हणतो. त्याचा पुरावा फार साधा आहे: शिशाचे काम करणाऱ्यांचे चेहरे पाहा, ते फिकुटलेले असतात. शिशाची विषबाधा कारागिराच्या तोंडावर वाचता येत होती. तरीही नळ शिशाचेच राहिले, कारण शिसे वाकते, कापता येते आणि सहज जोडता येते. सोय झाली ती घरमालकाची.

(५)
इ. स. ९७ मध्ये फ्राँटिनस रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झाला. आपल्या हाताखालच्या माणसांचा हिशेब त्याने लिहून ठेवला आहे: एक ताफा सुमारे २४० जणांचा, दुसरा ४६० जणांचा, एकूण ७००, आणि सारे गुलाम. त्याच ग्रंथात एक मजेदार तक्रार आहे. रस्त्याच्या फरशीखाली जागोजागी चोरटे नळ होते आणि मुख्य नळाला भोके पाडून ते जोडून देणारा माणूस चक्क ‘भोकेवाला’ अशा अर्थाच्या नावाने ओळखला जाई. पाणीखात्याची माणसे पाणी विकत होती. चोरटी जोडणी ही अलीकडच्या झोपडपट्ट्यांची देणगी आहे असे मानणाऱ्यांनी फ्राँटिनस अवश्य वाचावा.

(६)
आता मोठी उडी घेऊन चौदाव्या शतकातील लंडनला येऊ, कारण ‘प्लंबर कोणाला म्हणावे’ याचे नियम तिथे सविस्तर लिहिलेले सापडतात. साल १३६५. शहराच्या प्लंबरांनी महापौर आणि नगरप्रमुखांकडून आपल्या धंद्याची नियमावली मंजूर करून घेतली. तिचा गाभा असा: धंद्यातील उत्तम आणि कुशल माणसांनी ‘याला काम येते’ अशी साक्ष दिल्याशिवाय कोणीही शहरात प्लंबरचे काम करू नये.

(७)
या साक्षीकडे जरा थांबून पाहावे. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. ज्यांना काम येते त्यांनी सांगायचे की याला काम येते. पद्धत सुज्ञ आहे, कारण शिशाचे काम कागदावर तपासता येत नाही. पण ती सोयीचीही आहे, कारण साक्ष देणारे आणि स्पर्धेला भिणारे हे एकच लोक होते. हे दोन्ही अर्थ एकाच नियमात नांदतात आणि पुढे प्रत्येक काळात आपल्याला तेच दिसेल.

(८)
नियमावलीतील आणखी काही कलमे पाहू. शिकाऊ उमेदवार सात वर्षांपेक्षा कमी मुदतीने ठेवू नये आणि त्याची नोंद शहराच्या दप्तरी करावी. एकट्याच्या फायद्यासाठी शिशाचा साठा करू नये. कोणत्या कामाला किती मजुरी घ्यायची तेही ठरलेले. आणि एक नमुनेदार कलम: कौलारूंच्या वा गवंड्यांच्या गड्यांकडून, तसेच स्त्रियांकडून, मालकी सिद्ध होत नसलेले उचकटलेले शिसे विकत घेऊ नये. छपरावरचे शिसे चोरीला जात असे, त्याचा हा बंदोबस्त. स्त्रिया या दस्तऐवजात येतात त्या केवळ चोरीचा माल विकणाऱ्या म्हणून.

(९)
सात वर्षे तो मुलगा काय शिके? आपल्याला वाटते तसे नळ जोडणे नव्हे, निदान मुख्यतः तरी नव्हे. मध्ययुगीन प्लंबरचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे चर्चचे छप्पर. वाळूच्या साच्यावर शिशाचा पत्रा ओतायचा, लाकडी ठोकण्यांनी तो छपराच्या वळणांवर बसवायचा, पन्हळी घडवायच्या, उन्हाने पत्रा प्रसरण पावतो याचा हिशेब सांध्यांत ठेवायचा. सात वर्षे पुरी झाली की तो रोजंदारीवर काम करणारा कारागीर होई. स्वतःचे दुकान, स्वतःचे शिकाऊ आणि ‘मास्टर’ ही पदवी ही त्यापुढची पायरी. तिथवर पोहोचण्यास कौशल्याइतकेच भांडवलही लागे, म्हणून पुष्कळजण मधल्या पायरीवरच आयुष्य काढत.

(१०)
१६११ मध्ये पहिल्या जेम्स राजाने या संघाला सनद दिली. दोनच वर्षांनी, १६१३ मध्ये, ‘न्यू रिव्हर’ या कालव्याने लंडनमध्ये झऱ्यांचे पाणी आणले. रस्त्याखालचे मोठे नळ एल्म झाडाच्या पोकळ केलेल्या ओंडक्यांचे होते; त्यांतून घरात पाणी न्यायचे तिथे मात्र शिशाची बारीक नळी लागे. छपरावरचा माणूस हळूहळू खाली उतरला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी आला. धातू तोच राहिला, काम बदलले.

(११)
या कामाचे मर्म एका सांध्यात आहे. दोन शिशाच्या नळ्या जोडायच्या तर त्यांवर शिसे आणि कथील यांच्या मिश्रणाची झाळ ओततात. प्रमाण साधारण दोन भाग शिसे, एक भाग कथील. हे मिश्रण एकदम घट्ट होत नाही; सुमारे २५० अंश सेल्सिअसपासून १८५ अंशांपर्यंत ते लोण्यासारखे मऊ राहते. तेवढ्या थोड्या वेळात, चरबी चोळलेल्या जाड सुती कापडाने ती झाळ सांध्याभोवती पुसत पुसत गोलाकार आणायची. शिसे स्वतः ३२७ अंशांना वितळते, म्हणून उष्णता जास्त झाली तर नळीच हातातून जाते. कमी झाली तर सांधा खडबडीत होऊन पाझरतो.

(१२)
आपल्याकडे कल्हईवाल्याला काम करताना ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे लगेच कळेल: नवसागराचा धूर, कापसाचा बोळा आणि भांडे फिरवण्याची नेमकी गती. पुस्तक वाचून कल्हई येत नाही. सात वर्षांच्या उमेदवारीचे खरे समर्थन या सांध्यात होते. सातच का आणि चार का नाहीत, याचे समर्थन मात्र त्यात नव्हते; ते संघाच्या हिशेबात होते.

(१३)
एक आयुष्य पाहू. थॉमस क्रॅपर: जन्म १८३६, यॉर्कशर. १८५३ मध्ये चेल्सीत ‘मास्टर’ असलेल्या स्वतःच्या भावाकडे, जॉर्जकडे, उमेदवार म्हणून लागला. उमेदवारी संपवून तीन वर्षे रोजंदारीवर काम केले आणि १८६१ मध्ये ‘सॅनिटरी इंजिनियर’ अशी पाटी लावून स्वतःचे दुकान काढले. फ्लशच्या संडासाचा शोध त्याने लावला ही कथा खोटी आहे. जॉन हॅरिंग्टनने १५९६ मध्ये तशा यंत्राचे वर्णन केले होते आणि अलेक्झांडर कमिंगचे पेटंट १७७५ चे आहे. क्रॅपर महत्त्वाचा आहे तो निराळ्या कारणाने. शिकाऊ, कारागीर, मालक ही जुनी वाट तो शेवटपर्यंत चालला. भाऊच मालक असल्याने वाटेचा पहिला दरवाजा उघडाच होता, हेही नोंदवायला हवे. आणि पाटीवर त्याने ‘प्लंबर’ लिहिले नाही, ‘इंजिनियर’ लिहिले.

(१४)
१८७१ मध्ये इंग्लंडचा युवराज एडवर्ड स्कारबरोजवळील एका जहागीरदाराच्या घरी मुक्कामास होता. परतल्यावर त्याला टायफॉइड झाला आणि तो मरता मरता वाचला. त्याच घरी उतरलेला चेस्टरफिल्डचा अर्ल आणि युवराजाचा एक सेवक मात्र दगावले. संशय घराच्या गटारांवर गेला. गटाराच्या वायूने रोग होतो असा समज तेव्हा प्रबळ होता. टायफॉइडचा जंतू १८८० मध्ये दिसायचा होता. सिद्धान्त चुकीचा होता, तरी त्याचा परिणाम खरा झाला: वाईट सांधा जोडणारा कारागीर माणूस मारू शकतो हे श्रीमंतांना प्रथमच पटले. पुढे १८८० च्या दशकात याच युवराजाच्या सँड्रिंगहॅम येथील वाड्यात काम करायला क्रॅपरची पेढी होती.

(१५)
पण लंडनमध्ये तोवर जुन्या संघाची सत्ता नावापुरती उरली होती. शहर अफाट वाढले होते. शिशाचा तुकडा आणि झाळीची कढई जवळ असलेला कोणीही प्लंबर म्हणवू शकत होता. तेव्हा नव्या पद्धतीची साक्ष शोधली गेली. १८७८ मध्ये ‘सिटी अँड गिल्ड्स ऑफ लंडन इन्स्टिट्यूट’ स्थापन झाली आणि कारागिरीच्या विषयांत लेखी परीक्षा सुरू झाल्या. १८८४ च्या आरोग्यविषयक आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात प्लंबरांची परिषद भरली. १८८६ मध्ये संघाने प्लंबरांची नोंदवही उघडली. नोंद झालेल्याला नावापुढे ‘आर. पी.’ ही अक्षरे लावता येत.

(१६)
ही नोंदणी ऐच्छिक होती. ती सक्तीची करण्यासाठी संसदेत विधेयके आली, पण एकही पार पडले नाही. माझ्या मते या अपयशाकडे जितके लक्ष द्यायला हवे तितके दिले जात नाही. डॉक्टरांची नोंदणी ब्रिटनमध्ये १८५८ च्या कायद्याने झाली होती. प्लंबरची होऊ शकली नाही. आरोग्य दोघांच्याही हातात होते. दर्जा एकालाच मिळाला.

(१७)
आता आपल्याकडे. इथे ‘नळ’ होता, पण ‘नळकारागीर’ नव्हता. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, नहर आणली. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून पुण्याच्या हौदांपर्यंत भूमिगत बांधीव नळ आणला. त्याचे उच्छ्वास आजही काही ठिकाणी दिसतात. ही कामे गवंड्याची, पाथरवटाची आणि खापरी नळ भाजणाऱ्या कुंभाराची. दाब घेऊन घराच्या दुसऱ्या मजल्यावर चढणारे पाणी आणि ते बंद करणारी तोटी या गोष्टी सामान्य घरात नव्हत्या. म्हणून बारा बलुतेदारांत सुतार आहे, लोहार आहे, कुंभार आहे, नळवाला नाही.

(१८)
घरात पाणी आणणारा होता तो पखाली, म्हणजेच भिस्ती. पाठीवर किंवा बैलावर चामड्याची पखाल. हा धंदा जन्माने ठरत असे. त्याच्या हातचे पाणी कोणी घ्यायचे आणि कोणी नाही, तेही जन्माने ठरत असे. नळ आला तो या व्यवस्थेवर, आणि म्हणून तो निव्वळ अभियांत्रिकीचा विषय राहिला नाही.

(१९)
मुंबईत १८५४ च्या तीव्र टंचाईनंतर हेन्री कॉनिबेअर याच्या योजनेने विहार तलावाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६० मध्ये शहराला पाणी मिळू लागले: दिवसाला सुमारे ३.२ कोटी लिटर. १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा आले. पुढे १९११ च्या सुमारास मलेरियाचे डास विहिरींत वाढतात या अहवालानंतर शहरातील असंख्य विहिरी बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या. विहिरीचा पर्याय संपत गेला तसा घराघरांतील नळ अपरिहार्य होत गेला. आता कोणीतरी तो जोडायला हवा, गळला तर दुरुस्त करायला हवा. एक संपूर्ण नवा धंदा, आणि त्यावर कोणत्याही जातीचा वतनी हक्क नाही. आपल्या इतिहासात अशा जागा फार थोड्या आहेत.

(२०)
पण ही मोकळीक अर्धीच होती. इंग्लंडमध्ये स्वच्छ पाणी आणणारा आणि घाण पाणी नेणारा कारागीर एकच. आपल्याकडे नळाची दोन टोके वेगळी झाली. तोटीचे टोक नव्या कारागिराकडे गेले. तुंबलेल्या गटाराचे टोक मात्र ज्यांच्यावर जातीने ते काम लादले होते त्यांच्याकडेच राहिले. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यात ‘हलालखोर’ या नावाने करच होता. नवे यंत्र आले, जुनी विभागणी त्याच्या निम्म्या भागात तशीच शिरली. आजही ‘मी नळाचे काम करतो, गटाराचे नाही’ असे वाक्य ऐकू येते. त्याचा इतिहास हा.

(२१)
त्याच १८८८ च्या कायद्यात परवानाधारक प्लंबरसाठी तरतुदी आहेत. लंडनची नोंदवही १८८६ ची, मुंबईचा कायदा १८८८ चा. या दोहोंत थेट नाते आहे असे मी म्हणत नाही. काळाची चिंता सारखी होती एवढेच. फरक मोठा आहे. लंडनमध्ये साक्ष धंद्यातील लोक देत होते. मुंबईत ती महापालिका देऊ लागली. पाण्याच्या नव्या जोडणीच्या अर्जावर परवानाधारक प्लंबरची सही लागते.

(२२)
इथे एक गाठ पडली, ती अद्याप सुटलेली नाही. सही करणारा एक आणि पाना फिरवणारा दुसरा. परवानाधारक अर्ज, नकाशा आणि कचेरी सांभाळतो; प्रत्यक्ष फेरूल बसवणारा, पाईपला आटे पाडणारा, सांध्याला सूत गुंडाळून सफेदा लावणारा माणूस परवान्यावर कुठेच नसतो. (सफेदा म्हणजे मुळात शिशाचेच संयुग. नाव देऊन गेलेला धातू धंद्यातून इतक्या उशिरापर्यंत हटला नव्हता.) १३६५ च्या नियमात हाताची साक्ष होती. परवान्यात सहीची आहे.

(२३)
मग हात घडले कुठे? यासाठी कलकत्त्याला जावे लागेल. ओडिशाच्या किनारी भागातून माणसे तिथे कामाला जात, ही फार जुनी गोष्ट. कलकत्त्याच्या पालख्या वाहणारे भोई प्रामुख्याने ओडिया होते. १८२७ मध्ये पोलिसांनी भाड्याचे दर ठरवले आणि प्रत्येक भोयाने नोंदणी करून क्रमांकाचा बिल्ला लावावा असे फर्मावले, तेव्हा त्यांनी पालख्या खाली ठेवल्या आणि ते मैदानात जमले. भारतातील आरंभीच्या संपांपैकी हा एक. म्हणजे परवाना हा प्रत्येकाला सन्मान वाटतोच असे नाही. कोणाला तो गळ्यातला पट्टाही वाटतो.

(२४)
पालखी गेली, वाट राहिली. महानदी, ब्राह्मणी आणि वैतरणी यांच्या मुखाशी वसलेला केंद्रापाडा जिल्हा पूर आणि चक्रीवादळे यांचा आहे. शेतीवर वर्ष निघेलच असे नाही. तिथल्या लोकांत सांगितली जाणारी कथा अशी: विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही तरुण कलकत्त्यात ब्रिटिश प्लंबिंग कंपन्यांकडे मदतनीस म्हणून लागले, फाळणीनंतर अनेक मुसलमान कारागीर पूर्व बंगालात गेले आणि या मदतनिसांच्या हाती पाना आला. कथेतील प्रत्येक तपशील कागदावर सिद्ध करता येणार नाही, पण तिचा परिणाम डोळ्यांसमोर आहे. दिल्ली, मुंबई, बंगळुरू आणि आखाती देशांतील बांधकामांवर केंद्रापाड्याचे, विशेषतः पट्टामुंडई परिसरातील, प्लंबर ठळकपणे दिसतात.

(२५)
ही वाट कशी चालते? मुलगा शाळा सोडतो, काका किंवा गावचा ‘दादा’ त्याला शहरात नेतो. खोली त्यांचीच, जेवण त्यांच्याबरोबर. पहिली एक-दोन वर्षे हेल्पर: पाईप धरणे, भिंत फोडणे, ‘एल्बो दे’, ‘टी दे’, ‘युनियन आण’. मग आटे पाडणे, मग सांधा. एके दिवशी काकाच ठेकेदाराला सांगतो: याला काम येते. हीच ती १३६५ ची साक्ष. संघ नाही, सनद नाही, दप्तर नाही. नातेसंबंध संघाचे काम करतात. आणि संघाचाच दोषही त्यात आहे: ज्याचा काका या धंद्यात नाही त्याच्यासाठी दार बंद. पुढे राज्य सरकारने पट्टामुंडईलाच प्लंबिंगची स्वतंत्र संस्था उभारली. शाळा कारागिरांच्या गावी गेली, हा क्रम विरळा आहे.

(२६)
स्वतंत्र भारताने दुसरी वाटही काढली. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, तिच्यातून आयटीआय उभ्या राहिल्या. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारी कायदा आला. नळकारागीर हा एक वर्षाचा अभ्यासक्रम. सातावरून एक! याला अधोगती म्हणण्याचा मोह होतो, पण धातू आठवा. शिशाचा सांधा पुसायला वर्षे लागत. जी. आय. पाईपला आटे पाडायला महिने लागतात. सीपीव्हीसीचा सांधा द्रावण लावून काही सेकंदांत बसतो. हाताचे कौशल्य सामग्रीत शिरले. त्याच्या जागी दाबाचा हिशेब, नकाशा वाचणे, उतार काढणे आणि पंपाची निवड ही निराळी कौशल्ये आली. ती काकाकडे मिळतातच असे नाही. वर्गात मिळू शकतात.

(२७)
२०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत एक सोय आली: आधीपासून काम करणाऱ्याच्या कौशल्याची चाचणी घेऊन त्याला प्रमाणपत्र द्यायचे. म्हणजे शिक्षण काकाकडे आणि शिक्का शासनाचा. लंडनच्या नोंदवहीची कल्पना जवळजवळ हीच होती आणि तिच्यापुढचा प्रश्नही हाच होता: घरमालक किंवा ठेकेदार शिक्का पाहून मजुरी वाढवून देणार नसेल, तर कारागिराने दिवसाचा रोज बुडवून परीक्षेला का बसावे? १८८६ मध्ये याचे उत्तर मिळाले नव्हते.

(२८)
खेड्यांत हा प्रश्न आता नव्याने उभा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये जलजीवन मिशन सुरू झाले तेव्हा देशातील सुमारे ३.२३ कोटी ग्रामीण घरांत नळ होता. नंतर कोट्यवधी घरांत तो पोहोचला. नळ बसवायला निविदा निघते. तीन वर्षांनी वॉशर झिजतो तेव्हा निविदा निघत नाही. यासाठी गावातल्याच तरुणांना ‘नल जल मित्र’ म्हणून तयार करण्याचा उपक्रम आहे. विहार तलावापाशी मुंबईला पडलेला प्रश्न आता प्रत्येक ग्रामपंचायतीला पडला आहे: पाणी आले, आता जोडणारा कोण?

(२९)
हा धागा वाचणाऱ्यांपैकी कोणी खरोखरच ही वाट धरणार असेल, तर इतिहासाच्या विद्यार्थ्याला एवढेच सांगता येते की शिडी कुठे मोडकी आहे. हेल्परपासून प्लंबरपर्यंतच्या पायऱ्या भक्कम आहेत. काका असो वा आयटीआय, माणूस तिथवर पोहोचतो. प्लंबरपासून पर्यवेक्षक, ठेकेदार, परवानाधारक या पायऱ्यांत मात्र इंग्रजीतील अर्ज, नकाशा, भांडवल आणि कचेरीतील ओळख लागते. सात वर्षे शिकून रोजंदारीवरच थांबलेला लंडनचा कारागीर नेमका याच ठिकाणी थांबला होता. म्हणून पाना हातात घेतल्या दिवसापासून नकाशा वाचायला शिकावे आणि आपल्या महापालिकेच्या परवान्याच्या अटी एकदा स्वतः वाचाव्यात.

(३०)
विहार बांधणाऱ्या कॉनिबेअरचे नाव आपल्याला ठाऊक आहे. मुंबईच्या चाळींत पहिली तोटी बसवणाऱ्यांपैकी एकाचेही नाव मला आजवर सापडलेले नाही. आपल्याकडच्या नळांवर कारागिराचे नाव ओतण्याची रीत नव्हती. तुमच्या घरी, वाड्यात किंवा गावात पहिला नळ कोणत्या साली आला, तो जोडणारा कुठून आला होता आणि काम कोणाकडे शिकला होता, हे आजी-आजोबांना विचारून खाली अवश्य लिहा. जुनी पावती, परवाना किंवा जोडणीचा अर्ज असेल तर त्याचे छायाचित्रही चालेल. खाजगी तपशील मात्र झाकून टाका.